दुष्काळाच्या कसोटीवर ख्रिस्ती जीवन : पंडिता रमाबाई आणि केडगाव

श्रोतेहो, सुकाळात धर्म आणि धर्माचा थाट या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळून गेलेल्या असतात की त्यांतील भेद सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. देवालये उभी असतात, सणवार यथासांग होतात, दानधर्मही चालू असतो. आणि हे सारे मिळूनच धर्म होय, असे आपण समाधानाने मानून चालतो. परंतु पाऊस हुलकावणी देतो, बाजारात धारण कडाडते, घरातील भांडी मोडीत निघतात, आणि मग दाराशी उभा राहिलेला भुकेला माणूस एक साधा प्रश्न विचारतो : तुमच्या या सगळ्या पसाऱ्यात माझ्यासाठी काय आहे? या प्रश्नापुढे जे टिकते ते धर्माचे सार, आणि जे टिकत नाही ती त्याची सजावट. आजच्या भाषणात ही पारख आपण एका धर्मसमाजाच्या, म्हणजे महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या, इतिहासात पाहावयाची आहे. आणि तीही मुख्यत्वे एका स्त्रीच्या चरित्राच्या आधाराने.

विषयाला आरंभ करण्यापूर्वी मुलखाचे थोडे वर्णन केले पाहिजे. सोलापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नळदुर्गाच्या अलीकडे, तुळजापूर तालुक्यात अणदूर हे गाव आहे. खंडोबाच्या भक्तांना हे नाव नवे नाही. येथील देव वर्षाचा बहुतेक काळ अणदुरास आणि थोडे दिवस नळदुर्गाजवळच्या मैलारपुरास मुक्काम करतो, आणि ही देवाची जा-ये दोन्ही गावे लेखी करार करून पाळीत आली आहेत. धाराशिव जिल्ह्यातील हा सारा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जमीन काळी आणि कसदार, परंतु पाऊस बेभरवशाचा. त्यामुळे दुष्काळ या मुलखाला कधीच परका वाटला नाही. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ, १८९६-९७ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा दुष्काळ, आणि अलीकडे १९७२ चा दुष्काळ या चार आपत्ती दख्खनच्या पठारावरील माणसाने काळ मोजण्याच्या खुणाच करून टाकल्या आहेत. सोलापुराहून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग १८६० पर्यंत पुरा झालेला होता. त्याच मार्गावर, पुण्याच्या अलीकडे सुमारे पस्तीस मैलांवर, केडगाव नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. आपल्या आजच्या कथेचे मुख्य स्थळ ते होय.

ख्रिस्ती धर्मोपदेशक मराठी मुलखात या दुष्काळांच्या पुष्कळ आधी आले होते. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली आणि अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, १८३१ साली सुरू झाले. चाळीस-पंचेचाळीस वर्षे शाळा, छापखाना, प्रवचने ही सर्व साधने वापरूनही मंडळ्यांतील माणसांची संख्या लहानच राहिली. १८७६ च्या दुष्काळानंतर मात्र नगर जिल्ह्यात चित्र पालटले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील शेकडो कुटुंबे बाप्तिस्मा घेण्यास पुढे आली. तेव्हा उपहासाचा एक सूर उठला की, ही माणसे ख्रिस्ताकडे आली नाहीत, भाकरीकडे आली. हा आक्षेप केवळ विरोधकांचा नव्हता. कित्येक मिशनऱ्यांनाही त्याची बोचणी होती. भुकेला माणूस ज्याच्या हातून अन्न घेतो त्याचा धर्म घेतो, तेव्हा ती श्रद्धा म्हणावयाची की अगतिकता? आणि देणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ती करुणा म्हणावयाची की सौदा? दुष्काळाने ख्रिस्ती जीवनासमोर उभा केलेला खरा प्रश्न हा होता. त्याचे उत्तर ग्रंथांतून मिळण्यासारखे नव्हते; ते कोणाला तरी जगून द्यावे लागणार होते.

पंडिता रमाबाईंचे नाव उच्चारताच आपल्या मनात विदुषी, समाजसुधारक, वादग्रस्त धर्मांतरित अशा अनेक प्रतिमा उभ्या राहतात. परंतु या सर्वांच्या आधी त्या दुष्काळात होरपळलेल्या एका घरातील मुलगी होत्या, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला, तरी त्यांनी आपला हेका सोडला नाही; आणि रमाबाईंना आईच्या मुखातूनच पुराणे पाठ झाली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराण सांगे, आणि मिळालेल्या दक्षिणेतून व्रते, दाने, ब्राह्मणभोजने करी. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा ही मिळकत आटली. शिलकीचा पैसा गेला, दागिने गेले, कपडे आणि भांडीकुंडी गेली. उपास काढीत, झाडपाला खात हे कुटुंब रानावनातून हिंडले. एक वेळ अशी आली की वृद्ध आणि अंध झालेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास याने मोलमजुरी करून सर्वांना पोसण्याचे वचन देऊन त्यांना परावृत्त केले. १८७४ साली शास्त्रीबोवा वारले आणि पाठोपाठ आई गेली. आईच्या प्रेताला खांदा द्यावयास पुरेशी माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा श्रीनिवास, आणि चौथी सोळा वर्षांची रमा. उंची पुरेना म्हणून तिने तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली, आणि तीन मैलांवरील स्मशान गाठले.

या अनुभवातून रमाबाईंनी जे धडे घेतले ते त्यांनी पुढे आपल्या लेखांत नमूद करून ठेवले आहेत. त्यांतील दोन आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, त्यांच्या आईवडिलांची श्रद्धा यत्किंचितही खोटी नव्हती. परंतु ती श्रद्धा त्यांनी ज्या ठिकाणी गुंतविली होती तेथून संकटकाळी कोणीही धावून आले नाही. दुसरा धडा त्याहून व्यावहारिक आहे. घरातील सर्वजण विद्वान होते, परंतु पोटासाठी करता येईल असे हातांचे काम कोणालाच येत नव्हते. आणि मोलमजुरी करणे, भीक मागणे हे कुळाच्या अभिमानाला सोसवत नव्हते. विद्या होती, मान होता, पुण्य होते, आणि तरीही घर उपाशी मेले. केडगावच्या आश्रमात पुढे प्रत्येक मुलीच्या हाताला कसले ना कसले काम शिकविण्याचा जो कटाक्ष दिसतो, त्याचे मूळ या उपाशी घरात आहे.

यापुढील हकीकत प्रसिद्ध आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. बहीणभावंडे हजारो मैल पायी फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. १८८१ साली मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या आरंभी पतीही वारले. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली, आणि १८८३ साली त्या शिक्षणासाठी इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेज येथील भगिनीमंडळाच्या आश्रयास असताना त्यांनी एक गोष्ट पाहिली. लंडनजवळ फुलहॅम येथे त्या भगिनी समाजाने ‘पतित’ म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांना जवळ घेऊन, त्यांना काम शिकवून, पुन्हा माणसांत आणीत होत्या. ज्या स्त्रियांना आपल्या समाजात कुत्र्यामांजरासारखे हाकलतात, त्यांच्याविषयी या बायकांना कळवळा का वाटावा, असा प्रश्न रमाबाईंनी केला. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. रमाबाईंना ख्रिस्ताची प्रथम ओढ लागली ती या प्रसंगाने. कोणत्याही सिद्धांताच्या वा वादविवादाच्या आधी, टाकून दिलेल्या स्त्रीला जवळ घेणारा एक हात त्यांनी पाहिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

धर्म घेतला म्हणजे बुद्धी गहाण टाकली असे मात्र नव्हे. पुढील दोन-तीन वर्षांत सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो या दृष्टीने मननीय आहे. जेराल्डीनबाई त्यांच्या धर्ममाता. त्यांना शिष्येकडून नम्र आज्ञाधारकपणाची अपेक्षा होती. रमाबाईंचे म्हणणे असे की, एका धर्मातील पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले, ते दुसऱ्या धर्मातील पुरोहितांचे जू मानेवर घेण्यासाठी नव्हे. मांसाहार त्यांनी केला नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, तेथे संस्कृत का असू नये, असे त्यांनी विचारले. वाद वरवर क्षुल्लक दिसतो; पण मुद्दा खोल आहे. ख्रिस्ती जीवनाचा गाभा कोणता आणि त्याचा इंग्रजी पेहराव कोणता, हा भेद त्या करू पाहात होत्या. पुढे आयुष्यभर त्या कोणत्याही एका पंथाच्या अंकित राहिल्या नाहीत.

आणि तरीही, रमाबाईंच्याच कबुलीप्रमाणे, त्यांना गाभा सापडावयास आणखी आठ वर्षे लागली. १८९१ च्या सुमारास एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचताना त्यांच्या ध्यानात आले की, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, परंतु ख्रिस्ताची भेट अद्यापि झालेली नाही. मते पटली होती, विधी झाला होता, जगात ख्रिस्ती म्हणून नाव झाले होते. मात्र ज्याच्यासाठी हे सारे केले तो दूरच राहिला होता. बाप्तिस्म्यामुळे मायदेशातील मित्र गमावून बसलेल्या, जगप्रसिद्ध स्त्रीने ही कबुली द्यावी, याला मोठे धैर्य लागते.

या वेळी त्या पुण्यात होत्या. अमेरिकेतील मित्रांच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस उच्चवर्णीय विधवांसाठी ‘शारदासदन’ उघडले होते, आणि १८९० साली ते पुण्यास हलविले होते. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, मुलींच्या आचारात हात घालावयाचा नाही, असे ठरले होते, आणि या भरवशावर न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळावर होती. परंतु रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे ठेवीत, आणि काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. यावरून ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि पालकांनी सुमारे पंचवीस मुली काढून नेल्या. पालकांनी विश्वासाने मुली पाठविल्या होत्या, त्यांना फसगत झाल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते. उलटपक्षी, आपल्याच खोलीत आपली प्रार्थना दार लावून चोरून करावी, हे रमाबाईंना अप्रामाणिक वाटत होते. हा तंटा दोन प्रामाणिक बाजूंचा होता, असे आज म्हणता येईल. त्याचा परिणाम मात्र असा झाला की, पुण्यातील प्रतिष्ठित समाजाने रमाबाईंना वाळीत टाकल्यासारखे केले. हाताशी राहिल्या थोड्या मुली, अमेरिकेतून येणारी मदत, आणि केडगावास घेतलेली सुमारे शंभर एकर माळरानाची जमीन.

अशा स्थितीत १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतातील दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या. आता, श्रोतेहो, रमाबाईंची अडचण नीट ध्यानात घ्या. शारदासदन हे उच्चवर्णीय विधवांसाठी होते. देणगीदारांनी पैसा त्या कार्यासाठी दिलेला होता. स्वयंपाकघरात जातीचे निर्बंध पाळले जात. जागा थोडी, पैसा मोजका. अशा वेळी, हे आपले काम नव्हे, असे म्हणणे सर्वस्वी शहाणपणाचे दिसले असते. परंतु वीस वर्षांपूर्वीची आपली भूक त्या विसरल्या नव्हत्या. १८९७ च्या आरंभी त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या. सरकारी गरीबखाने त्यांनी पाहिले, खडी फोडण्याची कामे पाहिली. १८८० च्या दुष्काळ कमिशननंतर सरकारने दुष्काळाची नियमावली केली होती, मजुरी ठरली होती, अन्नछत्रे होती; कागदावर बहुतेक सर्व काही होते. परंतु निराधार तरुण मुलींचे त्या गरीबखान्यांत काय होते, हे कागदावर नव्हते. मुकादम आणि दलाल भुकेल्या पोरींना कसे गाठतात, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले आणि लिहून प्रसिद्ध केले. तीनशे मुली आपण नेऊ, असा त्यांनी निश्चय केला. त्यासाठी पुरेसा पैसा त्यांच्यापाशी नव्हता. जात विचारावयाची नाही, हे मात्र तेथेच ठरून गेले; कारण उपासमारीने सांगाडा झालेल्या पोरीला जात विचारणे, हे त्यांना आता धर्माचे काम वाटणे शक्य नव्हते.

मुली पुण्यास आल्या, तोच दुसरे संकट उभे राहिले. पुण्यात प्लेग होता, आणि सदनात नवी माणसे ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा रमाबाईंनी मुलींना केडगावच्या माळावर नेले. इमारती नव्हत्या, झाडांखाली, तंबूंत आणि घाईने उभारलेल्या छपरांत बिऱ्हाड झाले. कित्येक मुली उपासमारीच्या रोगांनी ग्रासलेल्या, अंगावर जखमा, डोक्यात उवा. कित्येकींना अन्न चोरून लपवून ठेवण्याची सवय लागलेली. त्यांना न्हाऊमाखू घालणे, त्यांचे ओरडणे-भांडणे सोसणे, त्यांच्यापैकी ज्या वाचल्या नाहीत त्यांना मूठमाती देणे, हे काम शारदासदनातील विधवांनी अंगावर घेतले. ज्यांना कालपर्यंत दुसऱ्याची सावली चालत नव्हती, त्या आज अनोळखी जातीच्या मुलींच्या जखमा धूत होत्या. माझ्या मते केडगावच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना हीच होय. भव्य प्रार्थनामंदिर पुढे उभे राहिले, परंतु मंडळी जन्मास आली ती या छपरांत.

याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. प्लेगबंदोबस्ताच्या नावाखाली पुण्यात जो जुलूम चालला होता, त्यावर ‘केसरी’ तुटून पडत होताच. रमाबाईंनीही १८९७ च्या मे महिन्यात मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या दुर्दशेचे वाभाडे काढले. त्यांच्या सदनातील एक मुलगी अशा इस्पितळात नेली गेली आणि तिचा पत्ता लागेना, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. हा प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला; सरकारने आरोपांचा इन्कार केला. राज्यकर्ते ख्रिस्ती होते आणि रमाबाईही ख्रिस्ती होत्या. सरकारची मर्जी राखणे त्यांच्या संस्थेच्या फायद्याचे होते. परंतु एका अनाथ मुलीची अब्रू आणि स्वधर्मीय राज्यकर्त्यांची मर्जी यांत निवड करावयाची वेळ आली, तेव्हा त्यांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. चार वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांच्यावर टीका केली, त्या टिळकांच्या आणि रमाबाईंच्या वाटा या एका मुद्द्यावर एकत्र याव्यात, हा इतिहासाचा विलक्षण योग आहे.

१८९८ च्या सप्टेंबरात ‘मुक्तिसदन’ रीतसर सुरू झाले. १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरात-राजपुतान्यात भयंकर पडला, तेव्हा आश्रमात तयार झालेल्या स्त्रिया स्वतः तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. आश्रमाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. अंधांसाठी, वृद्ध आणि दुर्बळांसाठी, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी वेगवेगळी सदने झाली. शेवटच्या प्रकाराचे नाव ‘कृपासदन’. फुलहॅममध्ये पाहिलेली गोष्ट सोळा-सतरा वर्षांनी पुणे जिल्ह्याच्या माळावर उगवली. विहिरी खोदल्या गेल्या, बागा आणि मळे झाले. मागांवर कापड निघू लागले, घाण्यावर तेल. गाईम्हशी, शिवणकाम, धुलाई, दळण, रुग्णसेवा, अध्यापन, आणि छापखान्यात खिळे जुळविणे ही सर्व कामे स्त्रिया करू लागल्या. ज्या मुलीला अक्षरे येत नव्हती ती खिळे जुळवून पुस्तके छापू लागली, यापेक्षा शिक्षणाची अधिक चांगली साक्ष कोणती असणार?

आता आक्षेपाकडे वळू, कारण तो टाळून पुढे जाणे न्याय्य होणार नाही. मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तेथील बहुसंख्य मुलींनी बाप्तिस्मा घेतला. दहा-बारा वर्षांच्या, आईबाप गमावलेल्या मुलीची ही निवड स्वतंत्र होती काय, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारता येतो. तो प्रश्न योग्यच आहे. तथापि, भाकरीच्या मोबदल्यात धर्म, हा जो सौद्याचा आरोप आहे, तो केडगावला किती लागू पडतो हे पाहण्यास एक साधी कसोटी आहे. सौदा करणारा माणूस ज्याच्याकडे देण्यासारखे काही आहे, ज्याचा पुढे उपयोग होईल, असाच मनुष्य निवडतो. येथे तर अंध, जराजर्जर, रोगी आणि बदनाम अशा स्त्रियांना घरात घेतले जात होते. दुसरे असे की, सौद्यात घेणारा देणाऱ्याचा कायमचा ऋणी राहतो. येथे घेणारीला तीन-चार वर्षांत देणारी केले जात होते. १८९७ साली केडगावात बिनछपराच्या माळावर जो धडा सुरू झाला, त्यात शिकलेल्या स्त्रिया १९०० साली इतरांना वाचविण्यास बाहेर पडल्या. दान आणि उद्धार यांतील अंतर एवढेच आहे, आणि ते फार मोठे आहे.

हीच पारख नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घरातही झालेली दिसते. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पतिपत्नींची ताटातूट झाली. लक्ष्मीबाई पुढे नगर जिल्ह्यात पतीकडे परतल्या, तरी त्यांनी लगेच धर्म बदलला नाही. आधी त्यांच्या मनातील जातिभेदाची भिंत पडली. देवाने माणसे केली, जाती माणसांनी केल्या, हे त्यांच्या त्यांना उमगले. आणि त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधी माणूस ओळखला, मग विधी झाला. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. टिळकांनी तर १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला, आणि ख्रिस्ताचे शिष्यत्व हे संस्थेच्या सभासदत्वाहून निराळे आहे, असे आपल्या आचरणाने सांगितले. १९१९ साली ते निवर्तले.

रमाबाईंची उतारवयातील वर्षे दोन गोष्टींनी भरलेली होती. एक, बायबलाचे भाषांतर. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा स्वतः शिकून, अशिक्षित बाईलाही कळेल अशा साध्या मराठीत ते करावे, हा त्यांचा ध्यास होता. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या विदुषीने जड संस्कृत शब्द मुद्दाम टाळावेत, यात त्यांच्या सर्व जीवनाचा कल दिसतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची मुलगी मनोरमा. ती आईचा उजवा हात होती. १९१२ च्या सुमारास निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यास आश्रमातर्फे मुलींची शाळा निघाली, तिची व्यवस्था मनोरमाबाईंकडे होती. अणदूर आणि गुलबर्गा तेव्हा एकाच राज्यात होते. १९२१ साली मनोरमाबाई निवर्तल्या. आईबाप, भावंडे, पती आणि आता एकुलती एक मुलगी. रमाबाईंच्या पाठीमागे रक्ताचे कोणी उरले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी, भाषांतराचे काम हातावेगळे करून, त्यांनी देह ठेवला. संस्था मात्र राहिली. केडगावचे मुक्तिमिशन आजही चालू आहे.

ख्रिस्ताने सांगितलेल्या अंतिम न्यायाच्या दृष्टांतात माणसांना विचारले जाणारे प्रश्न भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान या सहाजणांविषयीच आहेत. त्यात मताविषयी वा विधीविषयी एकही प्रश्न नाही. रमाबाईंचे मत असे मुळीच नव्हते की श्रद्धा गौण आहे. श्रद्धेवाचून तीनशे मुलींना पदरात घेण्याचे धाडस कोणीही केले नसते. परंतु श्रद्धा खरी की नाही, हे पाहण्याची जागा त्यांना दुष्काळाने दाखविली.

ही कसोटी केवळ ख्रिस्ती समाजाला लागू आहे असेही नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. देशोदेशींहून मदत आली, आणि बऱ्याच अंशी आली तशी सरली. परंतु त्याच दशकात अणदुरास डॉक्टर शशिकांत आणि डॉक्टर शुभांगी अहंकारी या दांपत्याने ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’च्या द्वारे एक निराळे काम उभे केले. खेड्यातील साध्या, अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेवेचे शिक्षण देऊन त्यांना ‘भारतवैद्य’ केले. तेथे धर्माचा संबंध नव्हता. पण तत्त्व केडगावचेच होते : जिला मदत हवी, तिलाच मदत करणारी करणे.

तात्पर्य असे की, संकटकाळ धर्माला नवीन काही देत नाही. त्यात काय होते आणि काय नव्हते, तेवढे उघडे करतो. विद्या, मानमरातब, पंथाचे नाव, देणगीदारांची मर्जी, राज्यकर्त्यांची मर्जी, या एकेक गोष्टी रमाबाईंच्या हातून दुष्काळाने आणि प्लेगाने सोडविल्या. अखेर हाती उरले ते एवढेच : दाराशी आलेल्या मुलीला आत घ्यावयाचे, तिची जखम धुवावयाची, आणि तिच्या हाताला काम द्यावयाचे. सुकाळात हे सोपे वाटते, आणि म्हणूनच ते सुकाळात विसरले जाते. श्रोतेहो, पुढचा दुष्काळ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. परंतु आपल्या दाराची कडी आतून आहे की बाहेरून, हे पाहून ठेवावयास दुष्काळाची वाट पाहण्याचे कारण नाही.